तो देवमाणूस नव्हता (आणि श्रवण ताऱ्याबद्दल थोडी मदत हवी आहे)

रिकामी_सॅक | २६ सप्टेंबर, रात्री ११:४२

येत्या डिसेंबरात नवऱ्याला जाऊन तीन वर्षं होतील. ट्रेकमध्ये नाही. हे आधीच सांगते, कारण तो भटक्या होता हे कळलं की समोरचा हमखास आवाज खाली आणून "दरीत वगैरे...?" असं विचारतो. रविवारी सकाळी, घरात, दाढी करताना गेला. हृदयविकाराचा झटका. अर्ध्या गालाला फेस तसाच होता.

तेव्हापासून लोकांनी त्याचा देवमाणूस करून टाकलाय. शांत, समंजस, सगळ्यांना सांभाळून घेणारा. ऐकताना मला वाटतं, कोण हा? याच्याशी माझं लग्न झालं नव्हतं. माझा नवरा कुठेही वेळेवर पोचला नाही. घरभर ओले मोजे वाळत घालायचा. दाराच्या कडीला, पंख्याच्या बटणाला, एकदा तर माझ्या लॅपटॉपवर. प्रत्येक ट्रेकला त्याच्याकडे एक "शॉर्टकट" असायचा आणि त्या शॉर्टकटने आम्ही कायम दोन तास उशिरा पोचायचो. तंबूत शिरला की बेसूर गायला लागायचा आणि शेजारच्या तंबूतून कुणी ओरडलं की त्याला ती फर्माईश वाटायची.

आणि घसरगुण. वाटेत कुणीही घसरून पडलं की तो जागच्या जागी परीक्षक व्हायचा. "दहापैकी सहा. पडण्यात जीव होता, पण हात वर नव्हते." मुलं रडायची विसरून मार्कांवरून भांडायची. स्वतः सगळ्यात जास्त तोच पडायचा आणि स्वतःला कधी आठच्या खाली देत नसे.

मूळ मुद्दा वेगळा आहे, लांबण लागली. त्याने मुलांसाठी एक खेळ काढला होता. मूल जन्मलं त्या दिवशी ताऱ्यावरून निघालेला प्रकाश ज्या दिवशी आपल्यापर्यंत पोचतो, त्या दिवशी तो तारा त्या मुलाचा. व्याध ८.६ प्रकाशवर्षं लांब, म्हणजे मूल आठ वर्षं सात महिन्यांचं झालं की व्याध. मग प्रश्वा, ११.५. मग श्रवण, १६.७. मग एकदम अभिजित, २५. लेकीला व्याध दाखवायला त्याने शाळेच्या दिवशी पहाटे तीनला उठवून गच्चीवर नेलं होतं. मी इतकी भांडले होते त्या दिवशी. पोर वर्गात झोपली, बाईंची चिठ्ठी आली. प्रश्वाच्या वेळी ढग होते, तो तीन आठवडे रोज पहाटे उठून बघत राहिला आणि शेवटी दाखवलाच.

लेक आता सोळा वर्षं सात महिन्यांची आहे. ऑक्टोबरच्या शेवटी तिचा श्रवण येतो. मला आकाशातलं शून्य कळतं, तो दाखवायचा आणि मी "हो हो, दिसला" म्हणायचे (नव्हता दिसलेला). कसा शोधायचा ते सांगा.

आणि दुसरं, हे टाईप करायला जड जातंय. तो गेला तेव्हा धाकटा पावणेआठचा होता. त्याचा व्याध पुढच्या नोव्हेंबरात यायचा होता. आला आणि गेला. मी त्या काळात काय करत होते मला आठवतही नाही. गेल्या महिन्यात वहीच्या मागच्या पानावर ही यादी सापडली, दोन्ही मुलांच्या तारखांसकट, तेव्हा त्याने वाचलं आणि एवढंच म्हणाला, "माझा कुणीच नाही दाखवला." भांडला असता तर बरं झालं असतं.

---

पायवाट | २७ सप्टेंबर, सकाळी ७:१५

वाचलं. पुन्हा वाचलं. सविस्तर नंतर लिहितो, तूर्तास रुमाल टाकून ठेवतो. घसरगुण आजपासून आमच्या ग्रुपमध्ये सुरू.

---

स्पष्टवक्ता | २७ सप्टेंबर, सकाळी ९:०३

राग मानू नका, पण गेलेल्या माणसाचे दोष असे चारचौघांत का काढायचे? मुलं उद्या वाचतील. त्यांच्या मनात वडिलांची प्रतिमा चांगलीच राहायला हवी. मोजे आणि उशीर यांच्यापलीकडे काही चांगलं असेलच ना.

---

रिकामी_सॅक | २७ सप्टेंबर, सकाळी ९:४०

@स्पष्टवक्ता, तुम्हाला दोष वाटले? मी तर त्याचं कौतुक करत होते.

मुलांनी हा मजकूर टाकायच्या आधीच वाचलाय. लॅपटॉपवरचे मोजे ही लेकीची दुरुस्ती, मी ते विसरले होते. प्रतिमा भिंतीवर लावायची असते हो. माझ्या धाकट्याला आत्ताच वडील नीट आठवेनासे व्हायला लागलेत. "बाबा खूप चांगले होते" या वाक्यात त्याला धरायला काहीच नाही. ओल्या मोज्याचा वास मात्र त्याला बरोबर आठवतो.

---

अर्धवट_खगोली | २७ सप्टेंबर, दुपारी १:२०

श्रवण अगदी सोपा आहे, घाबरू नका.

ऑक्टोबरच्या शेवटी अंधार पडल्या पडल्या उघड्या जागी जा. डोक्यावरून किंचित पश्चिमेकडे सरकलेला ठळक पांढरा तारा शोधा. खूण अशी की त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मंद तारा आहे, तिन्ही जवळजवळ एका ओळीत. मधला ठळक तो श्रवण. आपलं श्रवण नक्षत्र म्हणजे हेच तीन तारे. वायव्येला खाली आणखी ठळक दिसेल तो अभिजित, आणि वर हंस समूहातला सर्वांत ठळक तारा. तिघांचा मोठा त्रिकोण होतो. आकाश खरंच काळं असेल तर अभिजित आणि श्रवण यांच्या मधून आकाशगंगेचा पट्टा गेलेला दिसेल.

तारखेचं दडपण घेऊ नका. ही अंतरं लंबनावरून काढतात, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती हललेला भासतो ते मोजून. श्रवणाच्या १६.७ मध्ये मोजणीतच दोन-अडीच आठवड्यांचं मागंपुढं आहे. तेव्हा "अमुकच दिवस" असं कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या यजमानांनी प्रश्वासाठी घेतलेले तीन आठवडे शास्त्राला धरून होते असं समजायला हरकत नाही. :)

जाता जाता, एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. धाकट्याला गुणाकार करू द्या.

---

भटकी_आजी | २७ सप्टेंबर, दुपारी ४:५५

बाळ, मला एकवीस वर्षं झाली. आमचे हे पक्षी बघणारे. तासन्‌तास एका झुडपासमोर बसायचे आणि मी शेजारी विणकाम घेऊन. लोकांना वाटायचं काय प्रेमळ जोडपं. प्रत्यक्षात दुर्बिणीवरून धुसफूस चालायची, कारण ती एकच होती आणि माझी पाळी यायच्या आत पक्षी उडायचा.

मी एक चूक केली ती सांगते. पहिल्या सहा महिन्यांत सगळं वाटून टाकलं. दुर्बीण भाच्याला, जाड कोट कुणाला, तंबू कुणाला. घरात काही नको, दिसलं की त्रास होतो, असं वाटायचं. सगळेही म्हणाले, बरं केलंस, सुटलीस. तीन वर्षांनी मुलगा शोधायला लागला तेव्हा द्यायला एक टोपी सुद्धा नव्हती. म्हणून सांगते, घाई नको. खोकं भरायचं, चिकटपट्टी लावायची, माळ्यावर टाकायचं. वाटायला आयुष्य पडलंय.

बूट मात्र बघून घे हं. शेजारच्यांनी त्यांच्या मुलाचे चालायचे बूट असेच जपून ठेवले होते. काही वर्षांनी काढले तर तळवा पावासारखा... म्हणजे भुगाच झाला. न वापरताच. मला वाटलं होतं वस्तू वापरली की झिजते.

आणि गोष्टी. माणूस गेला की त्याच्या गोष्टींना आपण इस्त्री करत राहतो. दरवर्षी एक सुरकुती कमी. आता माझ्या गोष्टींतले हे मला दुर्बीण आपणहून देतात. कधी दिली नव्हती मेल्याने.

---

आडवाट | २७ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

आजींचा बुटांचा मुद्दा बरोबर आहे. मधला थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, हवेतल्या दमटपणाने तो आतून सुटत जातो. कपाटात ठेवलेले बूट कधी कधी वापरातल्यांपेक्षा लवकर जातात. तंबूच्या आतल्या लेपाचंही तेच. चिकट लागला आणि आंबूस वास आला की समजायचं गेला. झोपायची पिशवी असेल तर दाबून भरून ठेवू नका, टांगून किंवा सैल पिशवीत ठेवा.

पण मला विचारायचं वेगळंच आहे. ते कड्यांवरही चढायचे का? दोर आहेत का घरात?

---

रिकामी_सॅक | २७ सप्टेंबर, रात्री १०:१०

आजी, "मेल्याने" वाचून रडता रडता हसले. दुर्बिणीवरची धुसफूस तेवढी इस्त्रीतून वगळा.

बूट काढून पाहिले. उजव्याचा तळवा पुढून सुटलाय आणि बूट आ करून बघतोय. धाकट्याने त्यात हात घालून त्याला बोलतं केलं. आवाज थेट बाबाचा. "शॉर्टकट माहितीये मला, चला." आम्ही तिघं जमिनीवर लोळून हसलो आणि मग लेक उठून आत गेली, दार लावून घेतलं.

@आडवाट, हो, चढायचा. निळा दोर आहे एक, साठ मीटरचा. लेक गेल्या वर्षापासून भिंतीवर चढायला शिकतेय. तिला तोच दोर हवाय. मला छान वाटलं होतं ते ऐकून. का विचारलंत?

---

आडवाट | २७ सप्टेंबर, रात्री १०:२२

म्हणूनच विचारलं. तो दोर चढाईला वापरू देऊ नका. ठळक केलंय, माफ करा.

दोर नायलॉनचा असतो. वापरला नाही तरी तो म्हातारा होतो. जवळजवळ सगळे उत्पादक कमाल दहा वर्षं सांगतात, तेही उत्तम ठेवलेल्या, फारसा न वापरलेल्या दोरासाठी. नियमित वापरातला त्याच्या कितीतरी आधी निवृत्त करतात. आणि दोराचा इतिहास फक्त मालकाला माहीत असतो. किती पडणी झेलल्या, कधी धारेवर घासला, गॅरेजमध्ये बॅटरीच्या ॲसिडजवळ ठेवला होता का. ॲसिडची वाफ लागलेला दोर डोळ्यांना धडधाकट दिसतो. ज्याला विचारायचं तो माणूसच नाही, म्हणजे दोर बाद. हेल्मेट, पट्टे, शिवलेले फास यांनाही हाच न्याय. धातूचे कॅराबिनर जाणकाराकडून तपासून घेतले तर चालू शकतात.

माझ्या मित्राचा दोर माझ्याकडे आहे. त्याची पायपुसणी विणली. रोज पाय ठेवतो त्याच्यावर. त्याला आवडलं असतं, मीही त्याच्यावर बराच भार टाकायचो.

---

काजवा | २८ सप्टेंबर, पहाटे २:१८

सहसा लिहीत नाही इथे. मी नऊ वर्षांचा होतो. वडील नदीवेडे, पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरायचे आणि न सांगता काढून घ्यायचे.

ते गेल्यावर आईने त्यांचं नाव घेणंच बंद केलं. आमच्यासाठीच केलं असणार, मुलांना त्रास नको. पण मला वाटायचं की बोलायची बंदी आहे. मोठा होईपर्यंत माझ्याकडे वडिलांच्या मोजून चार आठवणी होत्या आणि त्या मी मोडतील म्हणून फार वापरतही नसे.

आवाज गेला. तो आधी जातो. चेहऱ्याला फोटो असतात. एक कॅसेट होती, आतेभावाने तिच्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड केलं, त्याला काय माहीत.

तुमच्याकडे फोनवर काही असेल तर आजच्या आज काढून ठेवा. व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप फोन बदलताना नाहीसे होऊ शकतात. तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. बस.

आणि तुमचा मुलगा "कुणीच नाही दाखवला" म्हणाला ना, म्हणाला हे चांगलंय. मी नाही म्हणालो कधी.

---

मनमोकळं | २८ सप्टेंबर, सकाळी ११:४७

काजवा, तुमच्या आईने केलं ते तेव्हाच्या सगळ्या सल्ल्याला धरूनच होतं. गेलेल्या माणसापासून मन "सोडवून घ्या" आणि पुढे चला, हाच सूर विसाव्या शतकात बराच काळ होता. पाच टप्प्यांचं जे सगळे ऐकवतात, नकार, राग वगैरे, ते एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलं ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवलं गेलं. त्यामुळे "मी अजून तिसऱ्याच टप्प्यावर कशी" असं कुणी स्वतःला विचारत असेल तर विचारू नका.

१९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी उलटं म्हणणं मांडलं की नातं तुटत नाही, रूप बदलून चालू राहतं, आणि ते निरोगी असू शकतं. स्ट्रोबे आणि शुट यांनी १९९९ मध्ये सांगितलं की माणूस दुःख आणि रोजचं जगणं यांच्यात झोके घेतो, आणि झोकाच कामाचा असतो. मुलांचे झोके फार छोटे. आत्ता ढसाढसा, पाच मिनिटांत चेंडू घेऊन बाहेर. बुटाला बोलतं करणं आणि दार लावून घेणं एकाच संध्याकाळी, हे अगदी तेच.

एक सावधगिरीही. वर्ष उलटून गेलं तरी रोजच्या रोज तीच ओढ, जगण्यात काहीच रस नाही, काम-झोप कोलमडलेली, असं असेल तर ती दीर्घकालीन शोकाची अवस्था असू शकते आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत. २०२२ पासून ती निदानाच्या दोन्ही मोठ्या याद्यांमध्ये आहे. रिकामी_सॅक, तुमचं तसं वाटत नाही, पण "त्या काळात काय करत होते आठवत नाही" हे कुणाशी तरी समोरासमोर बोला. इथे नाही.

---

उतरण | २८ सप्टेंबर, दुपारी ३:३३

माझा डोंगरातच गेला. पाच वर्षं. तुमचं वाचताना हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मला अजून त्याच्या मजेशीर गोष्टी सांगता येत नाहीत, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तोच कडा येतो. मुलीला शाळेच्या सहलीलाही पाठवत नाही मी. उपदेश करू नका कुणी, फक्त लिहावंसं वाटलं.

---

भटकी_आजी | २८ सप्टेंबर, दुपारी ३:५०

@उतरण, नाही करत. इथे बस आमच्याजवळ.

---

चकवा | २८ सप्टेंबर, रात्री ९:०५

अवांतर नाही, उपयोगाचं आहे. ते ट्रेकला फोनवर किंवा घड्याळावर वाटा नोंदवायचे का? त्या जीपीएक्स फायली शोधा. साधी मजकुराची फाईल असते. प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश, बहुतेक वेळा उंची आणि वेळ. नकाशावर टाकली की माणूस कुठून कसा चालला, कुठे थांबला, किती वेळ थांबला, सगळं दिसतं. फोटोत माणूस नेहमी हसतच असतो. वाटेवर तो कुठे दमला हे कळतं.

---

रिकामी_सॅक | १ ऑक्टोबर, रात्री १२:२५

तीन दिवस आले नाही, कारण चकवा.

लेकीने जुन्या फोनमधून एकशे सात वाटा काढल्या. आम्ही जेवणं विसरून नकाशावर बघत बसलो. पहिला शोध: शॉर्टकट. एका ठिकाणी त्याने आम्हाला "दहा मिनिटं वाचवतो" म्हणून रानात घुसवलं होतं, तिथे रेघ एकाच टेकाडाभोवती तीनदा फिरलीय. तीनदा! आणि मला तेव्हा शपथेवर सांगत होता की हा नवा ओढा आहे, मघाचा नव्हे.

दुसरा शोध मला लागला, मुलांना सांगितला नाही. तो गेला त्याच्या दोन महिने आधी एकटा एका सुळक्याच्या पायथ्याशी गेला होता. नेहमीची वाट, पूर्वी दीड तासात चढायचा. या खेपेला पावणेतीन तास. मध्ये सात ठिकाणी थांबलाय, एका ठिकाणी बावीस मिनिटं. घरी येऊन म्हणाला होता, "मस्त झालं, आरामात केलं." मी मोज्यांवरून ओरडत होते.

माहीत नाही याचं काय करायचं. लिहून ठेवते फक्त.

आवाजी निरोप एकेचाळीस निघाले. त्यातले तेहतीस "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" असे आहेत. काजवा, तीन प्रती केल्या. एक भावाच्या घरी.

दोराचं लेकीला सांगितलं. खूप चिडली. मग तिच्या शिकवणाऱ्या बाईंना विचारून आली, त्यांनीही तेच सांगितलं. आता विषय बंद आहे आणि दोर तिच्या पलंगाखाली आहे.

---

पायवाट | १ ऑक्टोबर, सकाळी ८:०२

त्या सात थांब्यांबद्दल. आपण सगळेच आरामात केलं असं म्हणतो. तो स्वतःलाही तेच सांगत असणार. तुम्ही मोज्यांवरून ओरडत होतात म्हणजे घर नेहमीसारखं होतं, त्याला तसंच हवं असेल. सविस्तर लिहीन म्हणालो होतो, पण एवढंच सुचतंय.

आणि धाकट्याच्या व्याधाबद्दल एक सुचलं. त्याला असं सांगता येईल का, की आज दिसतो तो व्याधाचा प्रकाश तिथून निघाला तेव्हा बाबा जिवंत होता? हिशेब केला, अजून साधारण पावणेसहा वर्षं ते खरं राहील.

---

रिकामी_सॅक | १ ऑक्टोबर, सकाळी ८:३१

थांब्यांबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. दुसरं लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण हे कॅलेंडरवर सूर्यास्ताखाली छापतात तसलं वाक्य आहे." बापाची आहे, काय करू. धाकटा मात्र "पावणेसहा" ऐकून बोटांवर काहीतरी मोजत बसलाय.

---

अर्धवट_खगोली | १ ऑक्टोबर, सायंकाळी ७:४८

धाकटा नक्की केवढा आहे? तुम्ही दिलेल्या वयांवरून मी उलटा हिशेब केला. एप्रिलचा जन्म असेल तर आत्ता साडेदहाच्या आसपास?

तसं असेल तर ऐका. १०.५ प्रकाशवर्षांवर एक तारा आहे. एप्सिलॉन एरिडॅनी. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांत मित्रक आणि व्याध यांच्यानंतर सगळ्यात जवळचा हाच. आपल्या सूर्याच्याच जातीचा, थोडा लहान, थोडा थंड, वयाने बराच कोवळा. मंद आहे म्हणून तुमच्या यजमानांनी यादीत घेतला नसावा. प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) ३.७, शहरातून दिसणारच नाही. खऱ्या अंधारात जावं लागेल.

शोधायचा असा: रात्री बारानंतर मृग चांगला वर येतो. त्यातला पायाकडचा निळसर ठळक तारा राजन्य. तिथून सरळ पश्चिमेला, हात लांब करून अडीच मुठी जा. मंद ताऱ्यांची जोडी सापडेल. दोघांतला पश्चिमेकडचा, किंचित फिकट, तो. शेजारचा फसवा आहे, दिसतो जवळ पण ३० प्रकाशवर्षांवर आहे. दुर्बीण असली तर सोपं जाईल. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तोवर फोन खिशात. उजेड हवाच तर लाल.

श्रवण संध्याकाळी आणि हा मध्यरात्रीनंतर. ऑक्टोबरच्या शेवटी, चंद्र नसलेल्या एकाच रात्रीत दोघांचे दोन्ही तारे.

---

भटकी_आजी | १ ऑक्टोबर, रात्री ८:१५

अगं मग जा की.

---

रिकामी_सॅक | २८ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. जाऊन आलो.

जन्मात पहिल्यांदा मी तंबू लावला. आडवाट म्हणाले तसा लेप गेलेलाच होता, आत आंबूस वास. त्यात झोपायला दोघांनी नकार दिला, मग उघड्यावरच अंथरलं आणि तंबू खाली टाकला. श्रवण अंधार पडल्यावर दहा मिनिटांत लेकीनेच शोधला. मधला ठळक, दोन्हीकडे एकेक मंद. या वेळी मलाही खरंच दिसला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढचा पंचविसाव्या वर्षी. तेव्हा तू येशील ना?" मी हो म्हटलं. मग तिने बाबाचा एक निरोप लावला. "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो."

धाकटा नऊलाच झोपला. साडेबाराला उठवायला गेले तर ढग. पावणेदोनला ढग. अडीचला लेक म्हणाली, राहू दे, उद्या. मी म्हटलं तीन आठवडे बसेन पण बसेन. सव्वातीनला पश्चिमेकडे खिडकी उघडली. त्याला गदागदा हलवून उठवला, अडीच मुठी मोजल्या (त्याच्या मुठी लहान, तीन झाल्या), दुर्बीण दिली. खूप वेळ काही नाही. मग, "दोन आहेत. डावीकडचा की उजवीकडचा?" पश्चिमेला तोंड करून उभा होता, वरचा-खालचा असा गोंधळ झाला, शेवटी खगोलींचा "किंचित फिकट" कामी आला. पाहिला. म्हणाला, "एवढासाच?" मग पुन्हा पाहिला. त्या वेळी व्याधही टळटळीत वर होता. त्याच्याकडे त्याने बोट केलं, "हा बाबाच्या यादीतला. तो माझा." वहीत बाबाच्या ८.६ आणि ११.५ च्या मध्ये, जागा नव्हती तिथे कोंबून, १०.५ लिहिलंय. प्रश्वा पुढच्या ऑक्टोबरात, पहाटेच उठवायचं, शाळा असली तरी, असं बजावून ठेवलंय.

परत अंथरुणाकडे येताना ओल्या गवतावरून माझा पाय सटकला आणि मी सपशेल बसले. अंधारातून दोन आवाज एकदम आले.

"चार."

"साडेचार. पण हात वर नव्हते."

@आडवाट, दोर नेला होता. कशालाच भार दिला नाही. दोन झाडांमध्ये बांधून त्यावर तिघांचे मोजे टाकले. सकाळपर्यंत वाळले नाहीत, दवाने आणखी भिजले. तसेच गाडीत घालून आणलेत, आत्ता दाराच्या कडीला आहेत.